बाराचं ऊन, तीनचं ऊन: गावतळ्याच्या कामावरचं एक प्रकरण

हे प्रकरण यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावाचं आहे. गावाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम टाळलंय. मी त्या गावातल्या शाळेत विज्ञान शिकवतो. यातला एक चुकीचा निर्णय माझा होता, म्हणून लिहिणंही माझ्याकडंच आलं.

पार्श्वभूमी

गावतळं गाळानं भरलं होतं. पावसाळ्यात दोन दिवसांत काठोकाठ व्हायचं आणि डिसेंबरात तळ दिसायचा. रोजगार हमीतून गाळ काढायचं काम मंजूर झालं, पण मंजुरी हाती येईपर्यंत एप्रिल संपत आला. मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, बेचाळीस नावं होती आणि त्यात निम्म्याहून जास्त बाया. तूर, हरभरा केव्हाच घरी आला होता, कापसाच्या पराट्या उपटून झाल्या होत्या. मे महिन्यात गावात दुसरं काम नसतं आणि जून लागला की बियाणं-खताला पैसा लागतो. म्हणजे मजुरीची गरज नेमकी सगळ्यात जास्त तापणाऱ्या महिन्यातच होती.

काम मोजून दाम. किती घनमीटर गाळ निघाला त्यावर मजुरी ठरते, त्यामुळं फक्त सकाळची पाळी केली तर हातात कमी पडतं. दोन पाळ्या हव्यात हे सगळ्यांचं म्हणणं. दुपारची सुट्टी किती ते किती, एवढंच ठरायचं राहिलं होतं. ग्रामरोजगार सेवक माझ्याकडं आला. "सर, तुमी सायन्सवाले, तुमीच सांगा."

मी फळ्यावर काढतो तीच आकृती त्याला काढून दिली. आमच्या गावात सूर्य माथ्यावर येतो सव्वाबाराच्या सुमारास. आपलं घड्याळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावर लावलेलं आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला, म्हणून पंधरा-एक मिनिटांचा फरक पडतो. किरणं सरळ पडतात तेव्हा ताप जास्त. म्हणून साडेअकराला काम थांबवा आणि अडीचला पुन्हा लागा. सकाळी सात ते साडेअकरा, दुपारी अडीच ते साडेपाच.

गटाची मेट, म्हणजे कामावरची मुकादम, एक चाळिशीतली बाई होती. गावात तिला सगळे ताई म्हणतात, मीही ताईच म्हणतो. ती तेव्हाच म्हणाली होती, "सर, बाराचं ऊन टोचते, पन तीनचं ऊन शिजवते. आमी पाच वाजल्याबिगर वावरात पाय ठेवत नाई." मी ऐकलं आणि हसून सोडून दिलं. या प्रकरणातला पहिला निर्णयाचा क्षण तोच होता. तिच्याजवळ तीस उन्हाळ्यांचं निरीक्षण होतं आणि माझ्याजवळ अर्धी आकृती.

काय घडलं

पहिले दोन आठवडे तक्रारी दुपारच्या पाळीतच यायच्या. कुणाचं डोकं ठणकायचं, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे यायचे, एका पोरीला उलटी झाली. आम्ही ते जेवणावर ढकललं. सकाळच्या पाळीत, अगदी अकरा वाजताही, असं काही होत नव्हतं. ही गोष्ट मस्टरच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवली असती तर आठवड्याभरात डोळ्यांत भरली असती.

मेच्या तिसऱ्या आठवड्यात पन्नाशीचा एक गडी कामावर आला. त्याआधी पंधरा दिवस तो मुलीकडं होता, घरातच. पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांबरोबर घमेली वाहिली. दुसऱ्या दिवशी पावणेचारला तो फावडं टाकून उभा राहिला आणि बायकोच्या नावानं भलत्याच माणसाला हाका मारू लागला. "मले काई नाई झालं," म्हणत खाली बसला तो उठलाच नाही. अंग तापलेल्या पत्र्यासारखं, कातडी कोरडी. खिशात कांदा होता आणि डोक्याला दुपट्टाही बांधलेला होता.

ताईनं त्याला कडुनिंबाखाली नेलं, सदरा काढला, पिण्याचे दोन्ही माठ त्याच्या अंगावर ओतले आणि चार बायांना ओल्या लुगड्यांच्या पदरांनी वारा घालायला लावलं. कुणीतरी तोंडात पाणी ओतायला गेलं, तिनं तो हात धरला. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घातलं तर ते श्वासनळीत जातं, हे तिला आरोग्य शिबिरात सांगितलेलं आठवत होतं. १०८ ला फोन गेला. गाडी येईपर्यंत पाणी ओतणं थांबलं नाही, तळ्याच्या डबक्यातलं गढूळ पाणीसुद्धा वापरलं. दवाखान्यात तो तीन दिवस होता. वाचला. डॉक्टरांनी सांगितलं की अंग जागेवरच गार केलं नसतं तर वेगळी बातमी आली असती.

मी त्या संध्याकाळी शाळेत बसून राहिलो. पावणेचार. माझ्या आकृतीप्रमाणं सूर्य तेव्हा बराच उतरलेला होता.

चूक कुठं होती

दुसऱ्या दिवशी शाळेचा तापमापक त्याच कडुनिंबाच्या सावलीत, छातीच्या उंचीला टांगला. जवळ एक सरळ काठी रोवली. चार दिवस ताई आणि मी नोंदी घेतल्या. काठीची सावली सव्वाबाराला बुंध्याशी येऊन जवळजवळ नाहीशी व्हायची. त्या वेळी पारा ४१ च्या आसपास. दोनला त्याहून वर. साडेतीनला ४४, आणि तेव्हा सावली काठीच्या लांबीएवढी होत आलेली. पाच वाजतासुद्धा बारापेक्षा जास्त. चारही दिवस हाच क्रम. मी विश्रांतीला दिलेले तीन तास त्यामानानं बरे होते आणि कामाला दिलेले तीन तास दिवसातले सगळ्यात वाईट.

कारण कळायला अवघड नाही, पण आकृतीत ते दिसत नाही. ऊन म्हणजे आवक, तापमान म्हणजे शिल्लक. जमीन दिवसभर ऊन घेते आणि त्याच वेळी उष्णता बाहेर टाकतही असते. बारा वाजता आवक सगळ्यात जास्त. त्यानंतर ती घटायला लागते, पण जाणाऱ्या उष्णतेपेक्षा ती अजून जास्तच असते, म्हणून साठा वाढत जातो. आवक आणि जावक बरोबरीला येतात तेव्हा पारा थांबतो. आधी जमीन तापते, जमिनीवरून हवा तापते, म्हणून हवेचा उच्चांक आणखी मागं पडतो. आमच्याकडं तो साधारण अडीच ते चारच्या दरम्यान येतो.

मी हे हौदाच्या आणि नळाच्या उदाहरणानं सांगत होतो. ताई बचत गटाचं पासबुक सांभाळते. तिनं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. "कापसाचा पैसा सगळ्यात जास्त येते डिसेंबरात. पन पासबुकात सगळ्यात जास्त पैसा डिसेंबरात नसते, फेब्रुवारीत असते. आवक कमी झाली तरी खर्चाहून जास्त हाय तोवर शिल्लक वाढतच राहते ना!" त्यानंतर मी वर्गातही हौद सोडला आणि कापूस घेतला.

दुपारच्या हवेनं माणसाचं काय होतं तेही इथं सांगायला हवं. शरीर ३७ अंशांचं. हवा त्यापेक्षा गार असेल तर अंगातली उष्णता हवेत जाते. हवा ४४ ची झाली की वाहण्याची दिशाच उलटते, हवा अंगाला तापवते. मग शरीराजवळ एकच उपाय उरतो, घाम. विदर्भातली मेची हवा इतकी कोरडी असते की घाम कातडीवर दिसायच्या आत उडून जातो. माणूस म्हणतो मला घामच येत नाही, आणि तिकडं अंगातलं पाणी आणि मीठ संपत जातं. शिवाय अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. बाकीच्यांचे ते दोन आठवडे झाले होते. तो गडी सावलीतून थेट आला होता आणि आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून पूर्ण काम दिलं.

दुसरा प्रश्न: ऊन उतरणार कधी

पाळ्यांची वेळ बदलायची यावर एकमत व्हायला वेळ लागला नाही. खरा वाद वेगळ्या गोष्टीवर झाला. काम चालू ठेवायचं की उतार पडेपर्यंत थांबायचं, आणि उतार केव्हा पडेल?

ग्रामपंचायतीच्या ओट्यावर बैठक झाली. एक म्हातारे बाबा म्हणाले, "नवतपा निंगू द्या, मंग उतरते." सूर्य रोहिणी नक्षत्रात गेला की पहिले नऊ दिवस म्हणजे नवतपा, साधारण २५ मे ते २ जून. कॉलेजात जाणारा एक पोरगा उठला. त्याचं म्हणणं, सगळ्यात मोठा दिवस २१ जूनचा, म्हणजे ऊन अजून महिनाभर चढणार, आत्ताच काम बंद करा. तिसऱ्या एकाला वाटत होतं की उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो.

शेवटचं आधी निकालात काढलं. पृथ्वी सूर्याच्या सगळ्यात जवळ असते जानेवारीच्या सुरुवातीला, सुमारे १४.७ कोटी किलोमीटर, आणि सगळ्यात लांब जुलैच्या सुरुवातीला, सुमारे १५.२ कोटी. मेमध्ये आपण सूर्यापासून लांब चाललेले असतो. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला आहे म्हणून.

पोराचं म्हणणं पुस्तकाप्रमाणं बरोबर होतं, आणि मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण आमच्या गावाचा अक्षांश वीस अंशांच्या थोडा वर आहे. सूर्य उत्तरेकडं सरकता सरकता २२ मेच्या आसपास आमच्या थेट डोक्यावर येतो, २१ जूनला तीनेक अंश उत्तरेला जातो (त्या दिवशी दुपारी सावली दक्षिणेला पडते, मुलांना हे दाखवलं की ती थक्क होतात) आणि २१ जुलैच्या आसपास परत डोक्यावर येतो. म्हणजे मेअखेरपासून जुलैअखेरपर्यंत, तब्बल दोन महिने, दुपारचा सूर्य जवळजवळ माथ्यावरच असतो. दिवसही सव्वातेरा तासांच्या आगेमागे. ढग वगळले तर उन्हाची आवक या दोन महिन्यांत फारशी बदलत नाही. तरी मेमध्ये कमाल तापमान ४२-४३ आणि जुलैमध्ये ३१-३२. हा दहा-अकरा अंशांचा फरक सूर्यानं केलेला नाही.

तो पाण्यानं केलेला आहे. जमिनीत ओल असेल तर उन्हाचा मोठा वाटा ती ओल उडवण्यात खर्च होतो आणि हवा तापवायला थोडंच उरतं. माठ गार राहतो तो याच हिशेबानं. आमची काळी माती मेपर्यंत हातभर भेगाळलेली असते, वरच्या थरात उडवायला ओलच नसते. वावरं उघडी, झाडं निष्पर्ण, वायव्येकडून येणारा वारा कोरडा, आकाशात ढगाचा ठिपका नाही. मार्चपासून रोजची थोडी थोडी शिल्लक साठत आलेली असते. रात्री पुरती गार होणं थांबलं की ओळखावं की आज खातं कालच्या शिलकीवर उघडलं आहे. मग मृगाच्या आगेमागे ढग येतात आणि आवक अडवतात. पाऊस पडतो आणि जमिनीला उडवायला पाणी मिळतं. ताईच्या भाषेत, "जूनमंदी बी-बियानं आनलं का पासबुक साफ."

सूर्याची आवक जवळजवळ टोकाला पोचलेली, साठा भरत आलेला आणि पाऊस अजून दारात आलेला नाही, असे जे दिवस उरतात ते मेचे शेवटचे दोन आठवडे. म्हणून सगळ्यात कडक ऊन तेव्हा. पाऊस मध्ये आलाच नसता तर हा उच्चांक जूनअखेर-जुलैपर्यंत लांबला असता. युरोपात तो जुलै-ऑगस्टात येतो, कारण तिथं मोसमी पाऊस आडवा येत नाही. दिल्लीकडं मान्सून जूनअखेर पोचतो, तिथं जूनही भाजतो. केरळात ढग लवकर येतात आणि सूर्यही एप्रिलमध्येच माथ्यावर येऊन जातो, तिथले कडक महिने मार्च-एप्रिल.

मग बाबांचा नवतपा? त्या नऊ दिवसांची निवड अचूक आहे, आणि मी ते बैठकीत मोकळेपणानं सांगितलं. पिढ्यान्पिढ्या पाहूनच ती ठरली असणार. पण दोन गोष्टी जोडल्या. नक्षत्रं ताऱ्यांवरून मोजतात आणि ऋतू सूर्याच्या कलण्यावरून. ताऱ्यांवरून मोजलेलं वर्ष आणि ऋतूंवरून मोजलेलं वर्ष यांच्या लांबीत सुमारे वीस मिनिटांचा फरक आहे, म्हणून साधारण बहात्तर वर्षांत रोहिणी एक दिवस पुढं सरकते. हजार वर्षांपूर्वी सूर्य रोहिणीत जायचा तो ऋतूच्या हिशेबानं मेच्या दुसऱ्या आठवड्यात. तेव्हा ऊन रोहिणीमुळं पडत नाही, रोहिणी ही आपण उन्हावर लावलेली खूण आहे. आणि दुसरी गोष्ट त्या दिवशी जास्त महत्त्वाची होती. नवतपा २ जूनला संपला म्हणून ऊन २ जूनला संपत नाही. ते पावसानं संपतं. पाऊस लांबला तर ऊनही लांबतं.

पर्याय

काम पूर्ण बंद करावं, हा सगळ्यात सुरक्षित पर्याय. बेचाळीस घरांना तो परवडणारा नव्हता, आणि ज्यांना परवडत नाही ते वीटभट्टीवर जाणार हे सगळ्यांना दिसत होतं. तिथं सावली कोण पाहणार? नवतपा संपेपर्यंत दहा दिवस थांबून ३ जूनला पूर्ण जोरात लागावं, याला जास्त हात वर झाले. मी आणि ताई विरोधात होतो. पुढची तारीख पक्की धरली की माणसं त्या दिवशी सावध राहायचं सोडतात, आणि दहा दिवस घरी बसलेलं अंग पुन्हा उन्हाला नवं होतं. नेमकं त्या गड्याचं झालं तसं.

तिसरा पर्याय होता उजाडताच सुरू करून दहाला थांबायचं. मजुरी कमी, पण चालू. काहींनी संध्याकाळी साडेपाच ते सातची जोड मागितली. त्यावर मला शंका होती, कारण साडेपाचलाही जमीन तापलेलीच असते. शेवटी संध्याकाळची पाळी फक्त स्वेच्छेची आणि फक्त काठावर माती पसरवायची ठेवली, खोल खड्ड्यात उतरायचं नाही. खड्ड्यात वारा लागत नाही.

काय केलं

साडेपाचला काम सुरू. कडुनिंबाशेजारी तुराट्यांचा मांडव. कामावर पिण्याचं पाणी, सावली आणि प्रथमोपचार पेटी असणं हा रोजगार हमीच्या कायद्यानंच दिलेला हक्क आहे. आम्ही तो आधी मागितला नव्हता, आता मागितला. दर अर्ध्या तासाला मीठ-साखर-लिंबाचं पाणी, तहान लागो न लागो. प्रत्येकाची जोडी लावली. जोडीदार अडखळत बोलला, चिडचिडला किंवा गप्प झाला तर फावडं खाली ठेवायचं आणि ताईला हाक मारायची. नव्यानं येणाऱ्याला पहिले चार दिवस अर्धं काम. तापमापक झाडालाच राहिला, आणि थांबायची वेळ घड्याळावर न ठेवता पारा ३८ ला पोचला की काम बंद, असं ठरलं. कधी ते दहाला व्हायचं, दोनदा सव्वानऊलाच झालं.

परिणाम

त्यानंतर कुणी पडलं नाही. पण तळं पूर्ण झालं नाही, एक तृतीयांश गाळ तसाच राहिला. मजुरी आधीपेक्षा बरीच कमी निघाली आणि दोन घरं शेवटी वीटभट्टीवर गेलीच. तो गडी त्या उन्हाळ्यात परत कामावर येऊ शकला नाही. त्याच्या बियाण्याला बचत गटानं उसने पैसे दिले.

नवतपा संपल्यावरही सहा दिवस पारा उतरला नाही. ३ जूनला पूर्ण जोरात लागलो असतो तर काय झालं असतं, हे त्या दिवसांत कडुनिंबाखाली बसून सगळ्यांनी एकमेकांना विचारलं. पुढं २०२३ साली मान्सून केरळातच ८ जूनला पोचला आणि विदर्भात निम्मा जून उलटला तरी ताप होता. तेव्हा गावात कुणी नवतप्याच्या तारखेवर कामाची वेळ ठरवली नाही.

त्याच वर्षी २१ जुलैला शाळेच्या मैदानात तीच काठी रोवली. ढगांमुळं बराच वेळ काही दिसेना. मग पाचेक मिनिटं फट पडली आणि काठीची सावली नाहीशी झाली, मेमधल्यासारखीच. पारा तीसच्या आत. तो गडी वावरातून येताना फाटकाशी थांबला होता. त्यानं काठीकडं पाहिलं, वर पाहिलं, ओल्या गवतावर हात ठेवला आणि म्हणाला, "ऊन तर तेच हाय."

वेगळं काय करता आलं असतं

ताईचं पहिलं वाक्य तपासायला तापमापक आणि एक दुपार पुरली असती. माझ्याकडं दोन्ही होतं. दुखण्यांची वेळ लिहून ठेवायला हवी होती. उशिरा आलेल्या माणसाला हळूहळू कामाला लावायला हवं होतं. हे तिन्ही बिनपैशाचे उपाय होते.

मोठी गोष्ट मात्र वेळापत्रकाची आहे, आणि ती फक्त गावाच्या हातात नाही. गाळ काढायचं काम मेमध्ये येतं कारण मंजुरी उशिरा येते. फेब्रुवारी-मार्चमध्ये तळं कोरडं असतं, माणसं मोकळी असतात आणि साठा भरलेला नसतो. मेच्या शेवटच्या पंधरवड्यात अशा कामाचं नियोजनच असू नये असं माझं ठाम मत आहे, पाळ्या कितीही शहाणपणानं लावल्या तरी.

उरलेल्या एक तृतीयांश गाळासाठी पुढच्या वर्षी ताईनं काम मागणीचे, म्हणजे नमुना ४ चे, अर्ज जानेवारीतच सगळ्यांकडून भरून घेतले आणि प्रत्येकाची पोच गटाच्या पासबुकासोबत पेटीत ठेवली.